एक खिळा कमी

काकांच्या वर्षश्राद्धाची जेवणं आटोपल्यावर मी पुस्तिका वाटायला घेतल्या. सोळा पानं, दीडशे प्रती, मुखपृष्ठावर काकांचा तो एकुलता एक नीट आलेला फोटो, ज्यात त्यांनी कोट घातलाय आणि तो कोट त्यांचा नाही. काकूंनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, शब्दाखाली बोट धरून वाचलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दहा वर्षांनी धाकटं केलंस की गं त्यांना." जन्म १९४८, असं छापलं होतं. काका १९३८चे. पुढच्याच पानावर मीच लिहिलंय की १९५४ साली ते छापखान्यात लागले. म्हणजे माझ्या हिशेबाने सहाव्या वर्षी. मजकूर माझा, टायपिंग माझं, मुद्रितंही (प्रुफं) मीच तपासलेली. तीनदा, फोनवर दोन बोटांनी मोठं करकरून. "असू दे गं, कोण बघतंय," चुलतभाऊ म्हणाला. पण बघितलं होतं की. पहिल्याच वाचकाने, पहिल्याच पानावर.

बरं, पुस्तिका कुणावर? जन्मभर छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवलेल्या माणसावर.

मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला तो छापखाना होता. लहानपणी मला काकांचा डबा घेऊन पाठवायचे. आत शिरलं की आधी वास यायचा. रॉकेल, शाई आणि ओल्या कागदाचा एकत्र वास. मग डोळे अंधाराला सरावले की काका दिसायचे, तिरक्या उभ्या केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपुढे, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, आणि उजवा हात त्या शेकडो खणांतून कोंबडीने दाणे टिपावेत तसा फिरायचा. ते केसकडे बघत नसत. बघायचे फक्त स्टिककडे, आणि तिथली ओळ उलटी असायची. जुळाऱ्याला उलटं वाचायची इतकी सवय होते की घरी बाबा वर्तमानपत्र वाचत बसले असले की काका समोर चहा घेताघेता पलीकडच्या बाजूनेच बातम्या वाचून काढायचे. बाबांचं पान उलटायच्या आत त्यांचं वाचून झालेलं असायचं. त्यांच्या बोटांची टोकं शिशाने करडी पडलेली. जेवायला बसण्याआधी ते हात आधी राखेने घासायचे, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. तरी काकू पानात वाढताना म्हणायच्या, "नखं बघा जरा."

लग्नसराईत 'श्री' कमी पडायचे. एका पत्रिकेत किती श्री लागतात हे जुळाऱ्यालाच विचारावं. जुळवून बांधलेला एक फर्मा छापून सुटल्याशिवाय दुसऱ्या पत्रिकेला श्री मिळायचे नाहीत. मग काका मजकूर सोडायला बसायचे. छापून झालेले खिळे पुसून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, आणि त्या वेळी एखादा चुकून शेजारच्या खणात पडला, की पुढच्या पत्रिकेत कुठेतरी त्याचं प्रायश्चित्त. काका त्याला 'खिळा पडला' म्हणायचे. चूक झाली असं नाही म्हणायचे. खिळा पडला. एका सराईत एका पत्रिकेवर 'सायंकाळी'च्या जागी 'सकाळी' पडलं. दोनशे पत्रिका. मालकांनी मुद्रित बघितलं होतं, वधूपित्याने सही केली होती, आणि पैसे मात्र काकांच्या पगारातून तीन महिने कापले गेले. हे मला काकांनी कधीच सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, तेही ते गेल्यावर.

वर्षश्राद्धाच्या त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला निकोलास जेन्सन आठवला. काकांमुळे मला अक्षरांच्या वळणांचा नाद लागला, आणि तो नाद असलेल्यांना हा माणूस भेटल्याशिवाय राहत नाही. पंधराव्या शतकातला फ्रेंच, नाव झालं ते व्हेनिसमध्ये. रोमन अक्षराचा खिळा इतका देखणा त्याच्या आधी कुणी कोरला नव्हता, आणि त्याच्यानंतरही फार थोड्यांनी कोरला, असं जाणकार मानतात. पण त्या रात्री मला त्याची अक्षरं आठवली नाहीत. त्याची चूक आठवली. मुलींनी कसं वागावं, कसं बसावं-उठावं, प्रार्थना कशी करावी हे शिकवणारं 'देकोर पुएल्लारुम' नावाचं एक इटालियन पुस्तक त्याने छापलं. शेवटच्या पुष्पिकेत मास्टर निकोलास जेन्सनने हे छापलं म्हणून लिहिलंय, सालही रोमन आकड्यांत दिलंय: एक एम, चार सी, एक एल, एक एक्स, एक आय. म्हणजे १४६१. हवा होता आणखी एक एक्स. १४७१.

दहा वर्षं. एका खिळ्याने.

आणि त्या एका खिळ्याने पुढे विद्वानांचा केवढा वेळ खाल्ला! १४६१ खरं धरलं तर इटलीत सगळ्यात आधी छापणारा जेन्सन ठरतो. व्हेनिसच्या अभिमानाला ते गोडच होतं. कित्येक पिढ्या त्यावर भांडण चाललं. पण हिशेब काही केल्या जुळत नव्हता, जसा आमचा सहा वर्षांचा जुळारी जुळत नाही. व्हेनिसच्या सरकारने १४६९ साली जर्मनीतल्या श्पायरहून आलेल्या योहान नावाच्या मुद्रकाला पाच वर्षांचा मक्ता दिला होता. ही कला शहरात आणल्याबद्दलचं बक्षीसच ते. जेन्सन आठ वर्षांपासून तिथे छापत बसला असता, तर हा मक्ता योहानला कोण देईल? शिवाय ते पुस्तक ज्या खिळ्यांनी छापलंय ते जेन्सनच्या १४७०-७१च्या पुस्तकांतलेच. तेव्हा साल पडलं, बाकी काही नाही. गंमत म्हणजे तो योहान १४७०च्या सुरुवातीलाच वारला, मक्ता त्याच्याबरोबर संपला, आणि बाजार मोकळा झाला म्हणून तर जेन्सनला उभं राहता आलं.

हा माणूस मुळात टांकसाळीतला. शँपेन प्रांतातल्या सोमव्वार गावचा. तूर शहरातल्या शाही टांकसाळीत तो उस्ताद होता, असं सांगतात. १४५८ साली राजा सातव्या चार्ल्सच्या कानावर आलं की जर्मनीतल्या माइन्ट्समध्ये योहान गुटेनबर्ग नावाच्या कुणी धातूच्या अक्षरांनी पुस्तकं छापायची युक्ती काढलीय. तेव्हा ती शिकून यायला, खरं तर हळूच काढून आणायला, टांकसाळीतला कोरीव कामाचा माणूस पाठवायचं ठरलं, आणि जेन्सनची निवड झाली, अशी हकीगत आहे. राजाची निवड मला अगदी बरोबर वाटते. नाणं पाडायला पोलादात उलटी मुद्रा कोरावी लागते आणि खिळा ओतायलाही आधी पोलादाच्या दांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरावं लागतं. हात तोच, छिन्नी तीच. आपल्या भाषेने तर हे आधीच ओळखून ठेवलंय. मुद्रा म्हणजे नाण्यावरचा ठसा, आणि त्यातूनच मुद्रण, मुद्रक, मुद्रित. जेन्सनचं अर्धं चरित्र या एका धातूत बसतं (व्याकरणातल्या धातूत म्हणा, नाहीतर शिशाच्या).

पुढची हकीगत अशी की तो माइन्ट्सहून परतेपर्यंत चार्ल्स गेला होता. साल १४६१. हेच साल पुढे त्याच्या पुस्तकावर चुकून पडावं, याला काय म्हणायचं? योगायोगच, दुसरं काही नाही. पण रात्री अडीच वाजता असे योगायोग मोठे वाटतात. नव्या राजाला, अकराव्या लुईला, वडिलांनी कुणाला कुठे कशासाठी पाठवलं होतं यात काही रस नव्हता म्हणे. १४६२ साली माइन्ट्सवर चाल झाली, शहर लुटलं गेलं आणि तिथले छापणारे कारागीर चहूकडे पांगले. मधली काही वर्षं जेन्सनचा माग लागत नाही. मग १४७० साली व्हेनिसमध्ये एकदम युसेबियस या जुन्या ख्रिस्ती लेखकाचा मोठा ग्रंथ त्याच्या नावाने बाहेर पडतो, आणि पहिल्याच पानापासून अक्षर तयार आहे. चाचपडणं नाही. पन्नाशीच्या आसपासचा माणूस कुठून तरी येतो आणि पहिल्याच झटक्यात असं अक्षर कोरून ठेवतो की साडेपाचशे वर्षांनी मी माझ्या लॅपटॉपवर त्याच्या नावाचा फाँट निवडते.

त्या युसेबियसचं एक पान मी स्कॅनमध्ये पुष्कळदा बघितलंय. वीस ओळींची उंची ११५ मिलिमीटर, म्हणजे अक्षर चांगलं ठसठशीत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. दुरून बघितलं तर पान काळंही वाटत नाही, करडंही वाटत नाही. पाटीवर हाताने एकसारखी राख पसरावी तसं सगळीकडे सारखं. जवळ गेलं की मग एकेक लकब दिसते. लहान 'ई'च्या पोटातली आडवी रेघ आडवी नाहीच, ती वर चढत जाते, बोरू तिरका धरून लिहिणाऱ्याच्या हातासारखी. मोठ्या 'एम'च्या दोन्ही खांद्यांवर आत-बाहेर पट्ट्या आहेत, दगडावर कोरलेल्या जुन्या रोमन अक्षरांना असतात तशा. मोठी अक्षरं दगडावरून आलेली आणि लहान अक्षरं इटालियन पंडितांच्या हस्ताक्षरातून आलेली. या दोघांचं एकमेकांशी पटवून देणं, हेच त्याचं खरं काम. त्याच्या आधी सुबियाकोत आणि रोममध्ये, आणि व्हेनिसच्या त्या योहाननेही, रोमन वळणाचे खिळे केले होते. पण तिथे अक्षरं शेजारी शेजारी उभी आहेत एवढंच. जेन्सनची ओळीत आहेत.

हे काम किती बारीक असतं याची कल्पना यावी म्हणून सांगते. पोलादाच्या बोटभर दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. या दांडीला पंच म्हणतात. 'ओ'च्या पोटातली पोकळी कोरत बसता येत नाही, म्हणून त्या पोकळीच्या आकाराचा वेगळा ठसा करून तो आधी ठोकतात आणि मग बाहेरची बाजू कानशीने घासतात. मध्येच पंच दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, त्यावर काजळी बसू द्यायची, आणि कागदावर दाबून बघायचं की अक्षर कसं उमटतंय. जमलं नसेल तर पुन्हा घासायचं. जास्त घासलं गेलं तर दांडी फुकट, नव्याने सुरुवात. मनाजोगतं आलं की पोलाद तापवून कडक करायचं आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं. त्या तांब्यातल्या खळग्याला मातृका म्हणतात. मातृका साच्यात बसवून शिशाचा रस ओतला की खिळा. एका मातृकेतून हजारो खिळे निघतात, पण पंच एकच. म्हणूनच १४८०च्या सप्टेंबरात जेन्सनने मृत्युपत्र केलं तेव्हा त्यात पंच कुणाला जावेत हे वेगळं लिहून ठेवलं. ते गेले पेटर उगेलहाइमर या फ्रँकफर्टच्या भागीदाराकडे. त्याच महिन्यात जेन्सन वारला.

काकांनी पंच बघितलेला नव्हता. त्यांना कधी दाखवायला हवा होता, असं आता वाटतं. त्यांच्या छापखान्यातला टाइप मुंबईहून लाकडी खोक्यांतून यायचा, आणि नवं खोकं फोडलं की खिळे असे चमकायचे की आम्हा पोरांना ते चांदीचे वाटायचे. देवनागरीत ही कला पक्की बसवायला फार उशीर लागला, कारण सव्वीस अक्षरांवर काम भागत नाही. काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असा शेकडोंचा संसार. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण १६१६ साली रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे होते कुठे! मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या व्हेनिसमध्ये घडलेल्या वळणाच्या लिपीत. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं आणि थोडी मजाही वाटली. अजून नक्की ठरलेलं नाही. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागलेला जावजी दादाजी नावाचा पोरगा मोठा झाला, १८६४ साली त्याने स्वतःचा ओतकारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. तिथले देखणे पंच कोरले राणूजी रावजी आरू यांनी. ज्यांच्या घरी निर्णयसागरी पोथ्या आहेत त्यांना मी काय सांगते आहे ते कळेल. जावजींचं नाव पुष्कळांना माहीत असतं. आरूंचं विचारून बघा.

पण जेन्सनबद्दल मला एक अढी होती, तीही सांगून टाकते. व्हेनिसमध्ये लॅटिन अभिजात ग्रंथांचा इतका महापूर आला की १४७३च्या सुमाराला धंदा कोसळला. माल पडून. बरेच छापखाने बुडाले. जेन्सन तरला, कारण त्याने ते सुंदर रोमन बाजूला सारलं आणि टोकदार, दाट, काळं गॉथिक अक्षर कोरलं, आणि कायद्याचे, वैद्यकाचे, धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ त्यात छापायला लागला. वकिलांना आणि पाद्र्यांना तेच अक्षर सवयीचं होतं, आणि कमी जागेत जास्त मजकूर मावायचा. मग फ्रँकफर्टच्या व्यापाऱ्यांची भागीदारी आली, पोपने १४७५ साली काउंट पॅलाटाइन हा किताब दिला, पैसा आला. कॉलेजात असताना मला याचा राग यायचा. असा हात असलेल्या माणसाने बाजार बघावा? आता तसं वाटत नाही. काकांनी आयुष्यात कविता फार थोड्या जुळवल्या. पत्रिका, पावतीपुस्तकं, सिनेमाची हँडबिलं आणि एका मलमाची लेबलं, यांवर दोन मुलांची शिक्षणं झाली. आणि जेन्सनने रोमन सोडलं असंही नाही. १४७६ साली प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाचा निसर्गेतिहास इटालियनमध्ये काढला, हजाराहून जास्त प्रती, तो त्याच जुन्या अक्षरात. चार शतकांनी लंडनमध्ये विल्यम मॉरिस या कवी-मुद्रकाने त्याच पुस्तकाच्या पानांचे फोटो मोठे करून घेतले, ते गिरवून गिरवून आपला टाइप काढला, आणि तो मूळ अक्षरापेक्षा बराच जाड निघाला. मोठं करून बघितलं की शाई पसरलेली कडासुद्धा अक्षराचीच वाटायला लागते. फोनवर मोठं करून मुद्रित वाचणारीने यावर जास्त बोलू नये.

मला खरं सतावत होतं ते दुसरंच. तो एक्स कुणी पाडला?

जेन्सनने नक्कीच नाही. १४७१ साली तो छापखान्याचा धनी होता. केसपुढे उभा राहून पानंच्या पानं जुळवायला माणसं असणार. त्यातल्या एकाने, दिवस मावळताना म्हणा, हात थंड पडलेले असताना म्हणा, शेवटच्या पानाची शेवटची ओळ घेतली, हात एक्सच्या खणाकडे दोनदा जायचा तो एकदाच गेला. मुद्रित कुणीतरी वाचलं असेल. जेन्सननेही वाचलं असेल. नाव त्याचं पडलं, चूकही त्याच्याच नावावर पडली. त्या जुळाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याने बरोबर जुळवलेली हजारो अक्षरं सगळी जेन्सनची झाली. तो या जगात होता याची खूण एवढीच, की एका ओळीत एक खिळा कमी आहे. काकांनी जुळवलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी 'मुद्रक' म्हणून मालकांचं नाव असायचं. मी घरभर शोधलं, काकांचं नाव छापलेला एक कागद सापडला नाही. पहिला कागद म्हणजे ही पुस्तिका. आणि तिच्यात हे असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन घेऊन उरलेल्या प्रती दुरुस्त करायला बसले. खिळे असते तर एक चारचा काढून तीनचा बसवला असता, अर्ध्या मिनिटाचं काम. पेनाने मात्र ४चा ३ होत नाही. करून बघा. खालची गाठ कुठे न्यायची कळत नाही, आणि शेवटी आकड्याऐवजी डास चिरडल्यासारखं काहीतरी होतं. मग आडवी रेघ मारून वर लिहायला लागले. वीसेक प्रती झाल्यावर माझे तीन एकमेकांसारखे दिसेनासे झाले. काकू भाजी निवडत बघत होत्या. म्हणाल्या, "ती पत्रिका माहितीय ना तुला? सकाळीवाली?" मी म्हटलं, तुम्हीच तर सांगितलंत. "त्या दोनशेच्या दोनशे घरी घेऊन आले होते. पैसे कापलेत, तर कागद माझा, म्हणून मालकांच्या पुढ्यातून उचलून आणल्या. पाठकोऱ्या होत्या. चार-पाच वर्षं किराण्याचा हिशेब त्यावरच लिहिला मी. तूसुद्धा पाढे लिहिलेस की."

लिहिले होते. गुलाबी, जाडसर, बोटांना किंचित खरखरीत लागणारे ते कागद मला आठवतात. मागच्या बाजूने गणपतीचा ठसा उलटा उमटून दिसायचा आणि त्यावरून पेन्सिल अडखळायची. ते कागद कुठून आले, हे विचारायचं तेव्हा सुचलं नव्हतं.

"या नव्वदेक उरतील," मी म्हटलं. "काय करू यांचं?"

काकूंनी हात पदराला पुसले, एक पुस्तिका उचलली, आतली पानं उलटून बघितली, मग मागची बाजू बघितली.

"दोन्ही बाजूंनी छापलंयस," त्या म्हणाल्या. "हिशेबालासुद्धा उपयोगी नाही."